लक्ष्मी खाली ठेव

माझ्या बापानं मला आयुष्यात एकदाच मारलं. फड्यानं मारलं. पटवाऱ्याच्या ओट्याखाली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवे लागायच्या थोडं आधी.

फडा म्हणजे शिंदीच्या पानांचा झाडू. कोणी केरसुणी म्हणतं, कोणी शिराई. आमच्या वांकिडीच्या भागात, तेलुगू मुलखाच्या सीमेवर, फडाच. पण त्या एका दिवशी फडा म्हणायचं नाही, लक्ष्मी म्हणायचं. त्या दिवशी घरात नवा फडा आणतात, त्याला हळदकुंकू लावतात, लाह्या-बत्तासे वाहतात आणि त्याच्यापुढे डोकं टेकतात. हा फडा गावच्या मांगाच्या घरूनच यावा लागतो. आम्ही गावचे मांग.

मी तेव्हा पाचवीत होते. अंगावर शाळेचा फ्रॉक होता, कारण दुसरा नव्हता. आई तापानं पडली होती, म्हणून त्या वर्षी घरोघरी लक्ष्मी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. बाप सकाळपासून दारोदार आंब्याच्या पानांची तोरणं बांधत फिरत होता. मी पोचले तेव्हा तो पटवाऱ्याच्याच फाटकावर चढलेला होता. दोरी दातात धरून गाठ मारत होता.

अंगणात सडा घातला होता. ओट्याच्या पायरीखाली मोठी रांगोळी होती आणि तिच्या मधून लक्ष्मीची पावलं काढली होती. पिठाची पावलं, बोटं घराच्या आत जाणारी. रांगोळीच्या पलीकडे ओटा, अलीकडे मी. रांगोळी ओलांडायची नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माहीत असतंच.

पटवारीणबाई दारात आली. हातात पाण्याचा तांब्या. नवं लुगडं नेसली होती.

"लक्ष्मी आणलीस का? ठेव खाली."

मी ठेवली. दोन पावलं मागं सरले. आता बाई पायरीवरून पाणी शिंपडणार, मग उचलणार, अशी रीत होती. पण मी फडा जरा दूर ठेवला होता. पाणी पोचायला बाईला ओल्या अंगणात उतरावं लागलं असतं.

"अगं अजून पुढे कर," ती म्हणाली.

पुढं करायचं म्हणजे रांगोळीपाशी वाकायचं, हात रांगोळीवरून न्यायचा. तेही चालणार नव्हतं. काखेत बाकीच्या घरांचे फडे होते, ते सांभाळायचे होते. मी पाय पुढं केला आणि फडा हळूच सरकवला. घरी रोज सरकवत होते तसाच. तो बरोबर पायरीपाशी गेला. काम नीट झालं असं मला वाटलं.

बाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग ती ओरडली, "लाथ मारली. लक्ष्मीला लाथ मारली मांगाच्या पोरीनं."

घरातली माणसं ओट्यावर आली. शेजारचीही आली. बाप फाटकावरून उतरला. सगळ्यात शेवटी पटवारी बाहेर आला. सरकारनं पिढीजात पटवारकी तेव्हा नुकतीच काढून घेतली होती, दप्तरं उचलून नेली होती. पण गावात तो पटवारीच राहिला. त्यानं कधी आवाज चढवला नाही. त्याला तशी गरज पडत नसे.

बापानं हात जोडले. "चुकलं मालक. नासमज पोर हाय."

"नासमज आहे ना? मग समज दे." पटवाऱ्यानं फड्याकडे बोट केलं. "हा आता पूजेच्या कामाचा राहिला नाही. ह्यानंच दे."

बाप थोडा वेळ उभा राहिला. मग वाकला, फडा उचलला आणि मला मारायला लागला.

फड्याचा मार फारसा लागत नाही. आवाज होतो. वाळकी पानं फाटतात, तुकडे केसात अडकतात, मानेत टोचतात. आमच्या वस्तीत कितीही भांडण होऊ दे, कोणी फडा उचलत नाही. फडा लागला की माणूस वाळतं असं आई म्हणायची. म्हणून बापाच्या हातात तो बघून मला आधी खरंच वाटलं नाही. मग मी उभी राहिले. काखेतले फडे पडू दिले नाहीत. ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, पुरे आता, सणाचा दिवस आहे. पटवाऱ्यानं मान हलवली तेव्हा बाप थांबला.

मला रडू आलं नाही. राग आला नाही. लाजही वाटली नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला राहत नाही, तसं झालं. तेव्हा मला दातांचा डॉक्टर माहीत नव्हता. पुढं दात काढला तेव्हा कळलं, की अरे, हे तर आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

"दुसरी ठेव," बाई म्हणाली.

मी काखेतला दुसरा फडा काढला. दोन्ही हातांनी नीट पुढं ठेवला. मागं सरले. बाईनं पाणी शिंपडलं, गोमूत्र शिंपडलं, दोन बोटांनी फडा उचलला आणि आत नेला. दार उघडंच होतं. आत चौरंग होता, समई होती. तिनं त्याला हळदकुंकू लावलं आणि खाली वाकून कपाळ टेकलं.

मी ते पाहिलं. आणि मला एवढंच दिसलं की तिचं कपाळ जिथं टेकलं, तिथं काल माझ्या बापाची टाच होती.

कारण फडा असाच बनतो. दसऱ्यानंतर ओढ्याकाठच्या शिंदीची पानं तोडायची, उन्हात वाळवायची, पाणी मारून मऊ करायची, चिरायची. मग जुडी बांधायची. बांधताना जुडी जमिनीवर ठेवून टाचेनं दाबायची आणि दोन्ही हातांनी दोरीचा वळ ओढायचा. टाच सैल पडली की मूठ सैल. सैल मुठीचा फडा आठ दिवसांत विसकटतो आणि बायका नाव ठेवतात. बापाचा फडा वर्षभर टिकायचा. त्याच्या टाचा त्यासाठी भेगाळलेल्या होत्या. हात गुंतलेले असायचे म्हणून आम्ही पोरं त्याला पानं पायानं सरकवायचो, झालेला फडा पायानं बाजूला करायचो. दिवाळीआधी झोपडीत पाय ठेवायला जागा नसायची. फड्यांवरच बसायचो, फड्यांना टेकून जेवायचो, त्यांच्यातच झोपायचो.

शाळेत गुरुजींनी दिवाळीचं महत्त्व सांगितलं होतं. अमावास्येच्या दिवशी लक्ष्मी घरोघरी फिरते. जिथं स्वच्छता असते तिथं मुक्काम करते. फडा घरातली अलक्ष्मी बाहेर काढतो, म्हणून फड्याला मान. मी मन लावून ऐकलं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच आलं, की आमच्याकडे तर लक्ष्मी पंधरा दिवस मुक्कामाला असते. ढिगानं असते. मग ती आमच्या घरून उठून जाते, त्यांच्या ओट्याखाली पडते, त्यांनी पाणी शिंपडलं की मग देवी होते. हे मी गुरुजींना विचारणार होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारणार होते. सुट्टीनंतर विचारलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं माझ्या केसातले पानांचे तुकडे वेचले. तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती तापानं फणफणली होती. म्हणाली, शाळेत कोणाले सांगजो नको. बाप दाराबाहेर बसला होता. तो आत आला नाही. त्या दिवसाबद्दल तो पुढं कितीतरी वर्षं एक शब्द बोलला नाही.

पाडव्याच्या सकाळी फराळ मागायला जायचं असतं. ज्या ज्या घरी लक्ष्मी दिली त्या घरून चार करंज्या, थोडा चिवडा. ह्याला मागणं म्हणत नाहीत, हक्क म्हणतात. आई अजून उठली नव्हती. बाप म्हणाला, जा. मी गेले. पटवाऱ्याच्या घरीही गेले. पदर नव्हता म्हणून फ्रॉकचा घोळ पुढं धरला. बाईनं वरून टाकलं. घरी येताना वाटेतच मी एक करंजी खाल्ली. ती गोड होती. खोबरं होतं, खसखस होती. मला अजून ती चव आठवते आणि त्या चवीची मला मारापेक्षा जास्त शिसारी आहे.

पुढच्या दिवाळीला आई बरी होती. पण काम माझ्याकडेच राहिलं. मी दरवर्षी गेले. दोन्ही हातांनी लक्ष्मी खाली ठेवली, अगदी रांगोळीच्या काठाशी, पाणी पोचेल अशी. मागं सरले. मान खाली. एका वर्षी पटवारीणबाई शेजारणीला म्हणाली, "बघा, किती शहाणी झाली. तेव्हा एकदा नीट समज मिळाली ना."

ती कौतुकानं म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही ऐकून घेतलं आणि मला थोडं बरंसुद्धा वाटलं. हे लिहिताना बोटं जड होतात.

मी शिकले. आसिफाबादला मागासवर्गीय मुलींच्या हॉस्टेलात राहून दहावी झाले. तिथं सगळ्या आमच्यासारख्याच, मांग, महार आणि तेलुगू बोलणाऱ्या मादिगा, माला. तेलुगू तिथंच शिकले. लग्न झालं, नवरा दारू प्यायचा, वर्षभरात परत आले. मग शेजारच्या गावात अंगणवाडी निघाली, तिथं मला टीचर म्हणून घेतलं. नवऱ्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. ह्या गोष्टीत त्याचा काही संबंधही नाही.

अंगणवाडी म्हणजे एक खोली, बाहेर पिंपळ. गावातली सगळ्या जातीची लेकरं येत. वरच्या घरच्या बाया लेकरू सोडून जात, पण डबा घरून देत. मी शिजवलेलं खाऊ नको असं लेकराला बजावून जात. हे मला लागत नव्हतं. मला तोवर काहीच लागेनासं झालं होतं. शांत स्वभावाची टीचर म्हणून मला लोक ओळखायचे. वरून तपासणीला येणाऱ्या बाईंनाही मी फार आवडायचे.

एका दुपारी मी हरभरे उकडले होते. लेकरं रांगेत बसली. मी वाटीत हरभरे घालून एकेकासमोर ठेवत चालले होते. अडीच-तीन वर्षांचं एक पोरगं होतं, नाकातून शेंबूड, नुकतंच यायला लागलेलं. तेही वरच्याच घरचं. मी त्याच्यापुढं वाटी ठेवली. त्यानं वाटीकडे पाहिलं नाही. दोन्ही हात वर केले आणि माझ्याकडे बघून म्हणालं, "हातात दे."

मी वाटी उचलून पुन्हा त्याच्या अजून जवळ ठेवली.

"हातात," ते म्हणालं. रडवेलं झालं.

मी वाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, चिकट, गरम. ते खाऊ लागलं. माझे हात तसेच पुढं राहिले.

मग मी मागं वळून रांगेकडे पाहिलं. सगळ्या वाट्या जमिनीवर होत्या. आमच्या जातीच्या लेकरांच्या पुढंही जमिनीवरच. कोणी मला सांगितलं नव्हतं. मी ठेवत होते आणि दर वाटीनंतर एक पाऊल मागं सरत होते. त्या संध्याकाळी मी आठवत बसले. दुकानात पैसे देते ते फळीवर ठेवते. बसमध्ये कंडक्टरपुढं नाणं धरते ते तळहातावर, त्यानं उचलावं म्हणून, त्याच्या हाताला लागू नये म्हणून. नवऱ्याला जेवण दिलं ते खाली ठेवून मागं सरून दिलं. हॉस्टेलात मैत्रिणीला पेन दिलं ते बाकावर ठेवून दिलं. पाचवीनंतर मी कोणालाही काहीही हातात दिलं नव्हतं. माझ्या हाताला ती सवय एका फड्यानं लावली होती आणि मला ती दिसलीसुद्धा नव्हती.

त्या दिवशी मला राग आला. फार वर्षांनी आला. कोणावर काढावा ते कळेना. मी पिंपळाखाली जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले आणि काय धुते आहे तेच कळेना.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी घरी गेले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाप थकला होता, नजर कमी झाली होती, पण फडे तोच बांधत होता. भाऊ शेतात मजुरी करायचा. भावाची मुलगी रेखा आठेक वर्षांची होती. वहिनी तिला नव्या फ्रॉकचा काठ दुमडून शिवून देत होती. मी विचारलं, कुठं निघाली? वहिनी म्हणाली, लक्ष्मी द्यायला जाते, आता तिच्याकडेच आहे हे काम.

बाप फड्यांच्या ढिगाशी बसला होता. त्यानं रेखाला जवळ बोलावलं. तिच्या काखेत एकेक फडा लावून दिला. आणि म्हणाला, "पटवाऱ्याकडं हातानं खाली ठेवजो बाई. पाय लावजो नको. काई झालं तरी पाय लावजो नको."

मी दारात उभी होते. एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल बापानं काढलेला हा पहिला शब्द. त्याला सगळं आठवत होतं. आणि आठवून त्यानं काय शिकवलं, तर खाली कसं ठेवायचं ते.

मी गेले आणि रेखाच्या काखेतले फडे काढून घेतले.

"रेखी नाई जात," मी म्हणाले.

"मंग कोन जाते?" बापानं विचारलं.

"कोनीच नाई."

बाप म्हणाला, येडी झाली का, दिवे लागायची वेळ होऊन राह्यली. भाऊ चिडला. म्हणाला, तू दोन दिवसांनी निघून जाशील, आमाले इथंच राहायचं आहे. शिंदी पटवाऱ्याच्या ओढ्यावर आहे, त्यानं कुंपण घातलं तर पानं कुठून आणू? तो खोटं बोलत नव्हता. ते सगळं खरं होतं. मी म्हणाले, ज्याला लक्ष्मी पाहिजे तो इथं येईल. मी देईन. रेखी जाणार नाही. भाऊ कपाळावर हात मारून घराबाहेर पडला.

आधी पटवाऱ्याचा गडी आला. लांबूनच विचारलं, "लक्ष्मी काऊन नाई आली अजून?" मी सांगितलं, इथं आहे, येऊन घेऊन जायला सांग. तो परत गेला.

मग पटवाऱ्याचा मुलगा आला. पटवारी तोवर अंथरुणाला खिळला होता. हा मुलगा निर्मल शहरात नोकरीत होता, सणाला आला होता. स्कूटर त्यानं वस्तीच्या तोंडाशी लावली आणि चालत आमच्या दारापर्यंत आला. पायजमा-सदरा, कपाळाला गंध. त्यानं मला ताई म्हटलं. मी पाचवीत होते तेव्हा तो ओट्यावर होता, माझ्याहून थोडा मोठा. त्याला ते आठवत होतं की नाही, मला माहीत नाही.

"ताई, आई वाट बघतेय," तो म्हणाला. "मुहूर्त जातोय."

मी ढिगातला फडा घेतला. चांगला निवडून घेतला, घट्ट मुठीचा. दोन्ही हातांवर आडवा धरला आणि त्याच्यापुढं केला.

त्यानं हात पुढं केला नाही.

"खाली ठेव ना. मी घेतो."

मी फडा तसाच पुढं धरला.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "मी स्वतः असलं काही मानत नाही. ऑफिसात आम्ही सगळे एकत्र डबा खातो. पण आज आंघोळ झालीय, पूजेला बसायचंय. आईचं वय झालंय. तिला कळलं तर उगाच. तू फक्त खाली ठेव."

मी म्हणाले, "माझ्या हातातून घ्या."

बाप मागून म्हणाला, "ठेव माय. ठेव खाली."

मी ठेवला नाही. वस्तीतली माणसं दाराशी आली होती. माझे हात दुखायला लागले. मला ते दुखणं स्पष्ट कळत होतं, मनगटात, कोपरात, खांद्यात. तो माझ्या हातांकडे बघत होता. एकदा वाटलं घेईल. त्याची बोटं हलली. मग त्यानं वळून गल्लीकडे पाहिलं, कोण कोण बघतंय ते पाहिलं.

"सणाच्या दिवशी उगाच," तो म्हणाला आणि गेला.

स्कूटरचा आवाज आला. बाप उठला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो ढिगापाशी चाचपडला, एक फडा उचलून काखेत घेतला आणि मागच्या बाजूनं बाहेर पडला. भिंतीला हात लावत, हळूहळू, पटवाऱ्याच्या घराच्या दिशेनं. मी त्याला अडवलं असतं तर अडला असता. मी अडवलं नाही. त्याच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं. रेखा माझ्या शेजारी उभी होती. तिनं विचारलं, आजोबा कुठं गेले? मी म्हणाले, लक्ष्मी खाली ठेवायला.

समोरच्या घरी पणत्या लागल्या. दिव्याच्या वेळी झाडायचं नसतं, त्यातून लक्ष्मीपूजनाला तर मुळीच नाही. लक्ष्मी बाहेर जाते म्हणतात. माझ्या हातात तो फडा होता. मी अंगण झाडायला घेतलं. पानांचे तुकडे, दोऱ्या, फड्यांचा पंधरा दिवसांचा सगळा कचरा. वहिनी म्हणाली, अवो काय करून राह्यल्या, लोक काय म्हणतील. मी झाडत राहिले. रेखानं दुसरा फडा घेतला आणि तीही झाडायला लागली.

चार दिवसांत ओढ्याकाठच्या शिंदीला काट्यांचं कुंपण पडलं. भाऊ राजुऱ्याकडे कामाला गेला आणि बरीच वर्षं माझ्याशी बोलला नाही. पटवाऱ्याच्या घरी पुढच्या वर्षीपासून वांकिडीच्या बाजारातून लक्ष्मी येऊ लागली. तीही कोण्या मांगाच्याच टाचेखालून आलेली. त्यांना त्यानं काही फरक पडला नाही. बाप गेला तेव्हा त्याच्या टाचा तशाच भेगाळलेल्या होत्या. कोणी माफी मागितली नाही. मी वाटही पाहिली नाही.

रेखा त्या ओट्याखाली पुन्हा गेली नाही. तिच्या मुलीही जाणार नाहीत.

माझ्या घरी दारामागं फडा असतो. त्याला मी हळदकुंकू लावत नाही. लाथही मारत नाही. त्यानं झाडते. आणि कोणाला काही द्यायचं असलं तर हातात देते. वाटी, पैसे, कागद, पाणी, काहीही. समोरचा हात पुढं आला नाही तर ती वस्तू माझ्याकडे राहते.